लांब पल्ल्याचा ड्रायव्हर : त्याची भाकरी, झोप आणि तब्येत



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या भागात गाड्यांची कामे निघतात. कुणी पाटे बदलतो, कुणी ब्रेकचे लायनर घालतो, कुणी टायर उलटेपालटे करतो. ऑईल, ग्रीसिंग, पासिंग, विमा, सगळे वेळच्या वेळी पाहिले जाते. बँकेचा हप्ता डोक्यावर असतो, त्यामुळे गाडी उभी राहिलेली कुणालाच परवडत नाही. परंतु ज्याच्या हातात ही गाडी द्यायची त्या गड्याची तब्येत कशी आहे, तो काय खातो, किती झोपतो, याची चौकशी क्वचितच होते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

हा प्रश्न परक्याचा नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊस, हळद, बेदाणा, द्राक्ष, आले असा माल पिकतो आणि तो सगळा चाकांवरून बाहेर जातो. कारखान्याची साखर ट्रकने जाते. सांगलीच्या बाजारपेठेतील हळद देशभर जाते. तासगाव, मिरज, पलूस या बाजूची द्राक्षे थेट दिल्लीपर्यंत जातात. हे अंतर दीड हजार किलोमीटरांच्या वर भरते. हंगामात ऊस ओढणाऱ्या कितीतरी गाड्या हंगाम संपताच लांबच्या भाड्याला लागतात. पुणे-बेंगळूर रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आताचा क्रमांक ४८, हा तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या दारातूनच गेला आहे. त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकांत आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई बसलेला असतो. काही ठिकाणी गाडीचा मालकही सभासदच आणि ड्रायव्हरही सभासदच.

दमणे वेगळे, राबणे वेगळे

ड्रायव्हर घरी येतो तेव्हा अंग मोडून आलेले असते. त्याला वाटते, आपण एवढे दमलो म्हणजे आपण खूप कष्ट केले. आता पोटभर खाल्ले पाहिजे. येथेच पहिली गफलत होते. त्याचे डोळे दमलेले असतात, डोके दमलेले असते, कंबर आखडलेली असते. पण हातापायांनी काम फार थोडे केलेले असते. शरीराच्या हिशेबात तो बैठ्या कामाचा माणूस आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठे काम असेल तर दिवसाला २११० उष्मांक, म्हणजे कॅलरी, लागतात. मध्यम कष्टाचे काम असेल तर २७१० आणि भारी कष्टाचे असेल तर ३४७०. आता साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यातून सुमारे २०० उष्मांक मिळतात. म्हणजे बैठ्या आणि मध्यम कामात तीन भाकऱ्यांचा फरक पडला. बैठ्या आणि भारी कामात तर जवळजवळ सात भाकऱ्यांचा. काल-परवापर्यंत उसाला पाणी पाजणारा, मोळ्या उचलणारा पोरगा आज स्टिअरिंगवर बसला आणि ताट मात्र पूर्वीचेच राहिले, तर जास्तीच्या भाकऱ्या जातात कुठे? त्या पोटावर साठतात.

आपल्या भागाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. ही तालमीची भूमी आहे. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला की चांगल्या पैलवानाचे काय होते, ते प्रत्येक गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. ड्रायव्हरचेही तेच होते. फरक इतकाच की त्याच्याकडे तसे कुणाचे लक्ष जात नाही.

बसून राहण्याने हृदयाला काय धोका होतो, हे प्रथम स्पष्टपणे दिसले तेही वाहनावरच्या माणसांतच. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची पाहणी केली व १९५३ साली ती प्रसिद्ध केली. बस एकच, पगाराची पातळी जवळपास एकच, राहणीही तशीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटांसाठी दिवसभर जिना वर-खाली करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त आढळला आणि कंडक्टरांत बराच कमी. आपल्या एस.टी.कडे पाहतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कुणी म्हणेल, "आमचा गडी तर काटकुळा आहे, त्याला कसला धोका?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. तात्पर्य, आपला माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून चरबी बाळगून असू शकतो. म्हणून काट्यावरच्या वजनापेक्षा कंबरेचा घेर मोजावा. बेंबीच्या पातळीवर शिंप्याची टेप लावावी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या, पुढे गेला की सावध व्हावे. विजारीचा पट्टा दरवर्षी एक भोक पुढे सरकत असेल, तर तीही सूचनाच समजावी.

चहा आणि आपली साखर

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहावे काय, असे कुणी विचारील. विरुद्ध लिहायचे नाही, हिशेब मांडायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचवले की वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. पाच टक्क्यांच्या आत असला तर अधिक चांगले. बैठ्या माणसाला दहा टक्के म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम.

आता रस्त्यावरचा चहा घ्या. एका कपात दोन चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. झोप उडवायला, गाडी थांबली म्हणून, कुणी भेटले म्हणून, असे दिवस-रात्रीत दहा कप सहज होतात. म्हणजे ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. शंभर ग्रॅमचे ४०० उष्मांक, म्हणजे बसल्या जागी दोन भाकऱ्या जास्तीच्या, आणि त्याही कोंडा नसलेल्या, पोट न भरणाऱ्या. त्यावर थंड पेयाची एखादी बाटली झाली तर विचारायलाच नको. गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. उष्मांकांच्या बाबतीत गूळ साखरेच्या जवळच आहे.

म्हणून चहा सोडू नका, पण संख्या ठरवा. दिवसाला तीन कप, साखर अर्धी. टपरीवाल्याला "कमी साखर" म्हटले की तो देतो. आपली साखर सणाला, पाहुण्याला, घरच्या गोडधोडाला गोडच लागते. गाडीवरच्या माणसाने ती झोप उडवण्याचे औषध म्हणून घेऊ नये, एवढेच सांगणे आहे.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. ज्या ड्रायव्हरला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याचे जेवण चुकले तर रक्तातील साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, काही सुचेनासे होते. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घेऊन तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटले तरी नंतर काही खाल्ल्याशिवाय गाडी हलवू नये. अशा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये साखरेची पुडी असलीच पाहिजे.

शिदोरी पुन्हा बांधा

बैलगाडीतून गुळाच्या ढेपा घेऊन बाजाराला जाणारी आपली आधीची पिढी हॉटेलावर अवलंबून नव्हती. घरातून शिदोरी जायची. प्रवासासाठी काय टिकते याचे ज्ञान आपल्या घराघरांतील आयाबायांना आहेच. ते फक्त पुन्हा वापरात आणायचे आहे.

दुधात पीठ मळून केलेली दशमी दोन दिवस चांगली राहते. तीळ लावलेली बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, सुके पिठले हे सर्व गाडीवर चालते. ज्वारीत प्रथिने आणि चोथा दोन्ही शंभर ग्रॅमला दहा-दहा ग्रॅमच्या आसपास असतात. शेंगदाण्यात प्रथिने त्याच्या दुपटीहून जास्त. चोथा पोटात असला की भूक लवकर लागत नाही, शौचाला साफ होते आणि बसून काम करणाऱ्याला सतावणारी मूळव्याधही लांब राहते. मैद्याच्या पावाने नेमके उलटे होते.

पहिल्या दिवशी मटकीची किंवा हुलग्याची उसळ कोरडी करून द्यावी. उन्हाळ्यात मात्र उसळ आणि ओले पिठले दुपारपर्यंत संपवावे. उतरलेले अन्न टाकून द्यावे, वाया जाते म्हणून खाऊ नये. दुसऱ्या दिवसासाठी उकडलेली अंडी नेऊ नयेत, ती ढाब्यावर ताजी मिळतात. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, मूठभर तासगावचा बेदाणा, थोडे भडंग अशी एक वेगळी पिशवी हाताशी ठेवावी. भडंगात तेल बेताचे घालावे. काकडी, गाजर, पेरू, केळी, हंगामात बोरे किंवा द्राक्षे रस्त्याकडेला मिळतातच. फळ खाल्ल्याने तोंड गुंतते, तंबाखूच्या पुडीकडे हात कमी जातो, हाही फायदा आहे.

मिठाकडे लक्ष असावे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर, मीठ पुरे. खर्डा, लोणचे, पापड आणि ढाब्याची आमटी मिळून हा आकडा कधीच ओलांडतो आणि रक्तदाब वाढतो. तेव्हा घरची चटणी करताना मीठ हात राखून घालावे.

ढाब्यावर काय मागावे

चार दिवसांच्या फेरीत ढाबा चुकत नाही, आणि ढाब्याला नावे ठेवण्याचेही कारण नाही. मागणाऱ्याला मागता आले पाहिजे. डाळ मागताना "वरून तेल-बटर नको" म्हणावे. मैद्याच्या रोटीऐवजी भाकरी किंवा गव्हाची रोटी घ्यावी. आपल्या पट्ट्यात भाकरी बहुतेक ठिकाणी मिळते. पालेभाजी, कांदा, काकडी, दही आवर्जून मागावे. मटण-चिकन खायचे तर रस्सा वाटीवर वाटी ओरपण्यापेक्षा फोडी खाव्यात. तर्रीत तेल आणि मीठच जास्त. भजी, वडापाव, मिसळ ही रोजची न्याहारी होऊ देऊ नये.

ताटाचा एक सोपा अंदाज आहे. निम्मे ताट भाजी, कोशिंबीर आणि फळाचे. उरलेल्या निम्म्यात भाकरी-भात आणि डाळ, उसळ, अंडे किंवा दही. पहिली भूक भाजी-डाळीवर भागवावी, भाकरी मागाहून घ्यावी.

वेळही महत्त्वाची आहे. रात्री बारा-एकला भरपेट जेवून पुन्हा स्टिअरिंगवर बसणे हे अंगाला सर्वांत वाईट. त्या वेळी पोटाची यंत्रणा मंदावलेली असते, जळजळ होते आणि जेवले की डोळा लागतो. रात्रीचे जेवण आठ-साडेआठपर्यंत हलके उरकावे. पुढे भूक लागली तर फुटाणे, केळे किंवा ताक यावर भागवावे.

पाणी पिण्याचा कंटाळा

सारखी गाडी थांबवावी लागते म्हणून कित्येक ड्रायव्हर पाणीच कमी पितात आणि लघवी तासन् तास दाबून धरतात. मुतखडा आणि लघवीची जळजळ यांना हे आमंत्रणच आहे. जुन्या गाड्यांत इंजिनाची धग थेट केबिनमध्ये येते, उन्हाळ्यात तर भट्टीच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या तशाच आहेत. त्यांवरच्या माणसाने घामाने जाणारे पाणी भरून काढलेच पाहिजे. दिवसाला साधारण तीन लिटर पाणी, तेही एकदम न पिता थोडे थोडे, असा बेत ठेवावा. लघवीचा रंग पिवळाजर्द दिसला की पाणी कमी पडले असे समजावे. घरून पाच लिटरचा कॅन भरून नेला तर रस्त्यावरचे वाटेल तसले पाणी पिण्याची वेळ येत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

झोप उधार मिळत नाही

खाण्यापिण्याची चूक हळूहळू भोवते. झोपेची चूक चार सेकंदांत भोवते. साठ किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे ६७ मीटर जाते. तेवढा वेळ डोळा लागला तर समोरची उसाची ट्रॉली दिसतच नाही. खंबाटकीचा घाट किंवा कात्रजच्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा लांब उतार येथे तर डोळा लागणे सोडाच, नुसते पेंगुळले असले तरी भरलेली गाडी आवरत नाही.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवले. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामातील चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा की पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहानंतरही गाडी हाकत असेल, तर थेंबभर न पिताही तो कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त प्यालेल्या माणसासारखा झालेला असतो. पोलिसाच्या यंत्रात हे दिसत नाही.

रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार या दोन वेळा झोपेच्या ओढीच्या. कितीही सवय असली तरी शरीराचे हे घड्याळ बदलत नाही. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी पाच-दहा मिनिटे निभावतात, पुढे नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्टा सोडू लागली, की सुरक्षित जागी थांबावे. एक कप चहा किंवा कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे. चहा-कॉफीचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. परंतु ही तात्पुरती डागडुजी झाली. दिवसाकाठी सात तासांची झोप झाल्याशिवाय खरा हिशेब मिटत नाही.

जागे राहण्यासाठी कुणी देईल ती गोळी घेऊ नये. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांनीही गुंगी येते. औषध घेताना "मी ट्रक चालवतो" हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला सांगावे. तंबाखू, मावा, विडी यांनी जाग येते असे वाटते, पण रक्तवाहिन्या आणि तोंड दोन्ही खराब होतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती उगाच घातलेली नाही.

जो गडी मोठ्याने घोरतो, झोपेत मध्येच श्वास अडकून दचकतो आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला झोपेतील श्वासाचा विकार असू शकतो. लोक हसण्यावारी नेतात. ड्रायव्हरच्या बाबतीत तसे करू नये. त्यावर उपचार आहेत.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. यार्डात नंबराला लागलेल्या गाडीच्या सावलीला, चाकांजवळ किंवा गाडीखाली कुणी झोपू नये. पुढची गाडी सरकली की मागची सरकते आणि अंधारात खाली कोण आहे हे दिसत नाही.

कंबर आणि दहा मिनिटांचा व्यायाम

सीट इतकी पुढे घ्यावी की क्लच पूर्ण दाबतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ टेकलेली असावी. कंबरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे, त्याने एक बाजू उंच होऊन कंबर व पाय दुखतो. आठ तास हादरे खाल्ल्यानंतर उतरल्या उतरल्या पोती किंवा भिजलेली ताडपत्री उचलू नये. आधी दहा मिनिटे चालावे, मणक्याला सैल होऊ द्यावे, मग वजनाला हात घालावा. तेही गुडघ्यात वाकून.

व्यायामाला जागा नाही ही सबब चालणार नाही. दहा टायरी गाडीभोवती एक फेरी साधारण पंचवीस-तीस मीटरची होते. तीस-पस्तीस फेऱ्या म्हणजे जवळपास एक किलोमीटर. पहिल्या फेरीत टायर, नट, दोर आणि दिवे पाहून घ्यावेत. गाडीची तपासणी आणि स्वतःचे चालणे एकदमच होते. त्यानंतर दहा-पंधरा बैठका, पायरीला हात टेकून दहा जोर, खांदे व मान फिरवणे, टाचा वर-खाली करणे. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारून दुसऱ्या दिवशी क्लच दाबता येणार नाही असे करू नये. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे झाले तर उत्तम.

एक फेरी अशी काढावी

समजा सांगलीहून माल भरून न्हावाशेवा बंदराला जायचे आहे. आदल्या दिवशी माल भरून घ्यावा, रात्री नऊला झोपावे आणि पहाटे चारला निघावे. सहाच्या सुमारास कऱ्हाडजवळ पंधरा मिनिटे उतरून चालावे, पहिला चहा घ्यावा. आठच्या सुमारास साताऱ्याच्या बाजूला शिदोरीतील दशमी-चटणी आणि एक केळे. खंबाटकी ताज्या डोक्याने पार होते. साडेअकरा-बारापर्यंत पुण्याच्या अलीकडे जेवण, लघवी-पाणी आणि वीस मिनिटांची डुलकी. पुढे दर दोन तासांनी एक थांबा. संध्याकाळी पोहोचल्यावर फेऱ्या, हलके जेवण आणि झोप. थांब्यांचा सगळा मिळून दीड-दोन तास जातो. तेवढ्यात माल नासत नाही, पण माणूस शाबूत राहतो.

तपासणी

वाहतुकीच्या गाडीच्या लायसनला डॉक्टरी दाखला लागतो आणि ते दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. पुष्कळ जण हा दाखला नुसता सही-शिक्क्याचा कागद समजतात. त्या निमित्ताने खरी तपासणी करून घ्यावी, आणि पाच वर्षे न थांबता वर्षातून एकदा करावी. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहत असेल, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त निघाली, तर उपचाराला लागावे. साखर शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान असेल तर ती वेळीच दिलेली सूचना आहे. खाणे आणि चालणे सुधारले तर बहुतेकांना पुढचा मधुमेह लांबवता येतो. दूरची नजर, रात्रीची नजर व मोतीबिंदू तपासावा. वयाच्या तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या उपचाराला सातारा व सांगलीची सिव्हिल रुग्णालये आणि मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहेच. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम असे झाले तर "गॅस असेल" म्हणून गाडी पुढे रेटू नये. थांबून १०८ ला फोन करावा.

मालकाच्या हातात काय आहे

ड्रायव्हरला उपदेश करणे सोपे आहे. परंतु "उद्या सकाळी पोच पाहिजे" असा फोन करणारा मालकच असतो, आणि आपल्यातले कितीतरी जण मालक आहेत. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामात सलग नऊ तासांची सुटी ठरवून दिली होती. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागू होता, म्हणून एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून बाहेर राहिला. पण माणसाचे शरीर गाड्यांची संख्या पाहून दमत नाही.

तेव्हा गाडीमालक सभासदांनी एवढे करावे. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर द्यावा. क्लीनरच्या हाती गाडी देऊन मुख्य ड्रायव्हरने झोपणे हा उपाय नव्हे. लवकर पोचल्याबद्दल बक्षीस आणि उशिराबद्दल कपात ही पद्धत बंद करावी. जेवणाचा भत्ता असा द्यावा की गड्याला वडापाववर दिवस काढावा लागणार नाही. वर्षातून एकदा तपासणीचा खर्च आपण करावा. एका टायरच्या किमतीपुढे तो काहीच नाही. फेरीहून आल्यावर एक पूर्ण दिवस घरी राहू द्यावे.

ऊस घालणाऱ्या सभासदांनीही नंबरासाठी ड्रायव्हरला रात्रभर ताटकळत ठेवताना त्याच्या पाण्याची, जेवणाची विचारपूस करावी. कारखान्याच्या यार्डात पिण्याचे स्वच्छ पाणी, संडास, अंघोळीची जागा आणि पाठ टेकायला गाड्यांपासून दूर, बंदिस्त शेड किती आहे, किती हवी, हा विषय वार्षिक सभेत मांडावा. उसाच्या भावावर आपण तास तास बोलतो, तसे यावर दहा मिनिटे बोललो तरी पुष्कळ होईल.

आणि घरातील भगिनींना विनंती अशी की फेरीला निघणाऱ्याच्या हातात शिदोरीचा डबा आणि पाण्याचा कॅन द्यावा, "पोचलास का" या प्रश्नाआधी "झोपलास का" हा प्रश्न विचारावा. फोन मात्र गाडी थांबलेली असतानाच करावा.